आधी दुसऱ्याचं, मग आपलं

"हिला रागच येत नाही. इतक्या मुलांमध्ये एक हीच बघा."

ताई आतल्या मोरीपाशी उभ्या राहून पुण्याहून आलेल्या दोन पाहुण्या बायकांना हे सांगत होत्या. मी पडद्याच्या अलीकडे चहाचे कप पुसत होते. पडदा पातळ होता. एका बाईंनी विचारलं, "घरचे संस्कार असतील?" ताई म्हणाल्या, "असणारच. घरात कधी आवाज चढत नाही म्हणते."

मी कप ट्रेमध्ये पालथे घातले. मला आनंद झाला नाही आणि लाजही वाटली नाही. त्या काळात माझं बऱ्याच गोष्टींच्या बाबतीत तसंच व्हायचं. कोणी काही बोललं की ते माझ्यापर्यंत यायचं, मी ते नीट धरून ठेवायची, आणि पुढे कोणाला द्यायचं आहे याची वाट बघायची. द्यायला कोणी नसलं की ते तसंच पडून राहायचं.

हे नव्वदच्या दशकाच्या मध्यातलं. ताईंचं केंद्र कोपरखैरणे गावात होतं, एका दुमजली घराच्या तळमजल्यावर. वर घरमालकीण, तिचा मुलगा आणि सून. आम्ही राहायचो ती वसाहत गावापासून जवळच, पण मधे पाण्याचं डबकं होतं आणि त्याच्या कडेनं वाट होती. केंद्राच्या पाटीवर 'अहिंसा शिक्षण' असं लिहिलं होतं. ते वाचूनही लोक आत येऊन इथे टायपिंगचे क्लास आहेत का, असं विचारायचे. सर त्यांना बसवून पाणी द्यायचे आणि टायपिंगचा क्लास कुठे आहे ते सांगायचे.

सर आणि ताई नवरा-बायको. दोघं निवृत्त शिक्षक, देशावरचे. मुंबईत दंगली झाल्या त्यानंतर त्यांनी हे सुरू केलं होतं. सकाळी बालवर्ग आणि शनिवारी दुपारी कॉलेजच्या मुलांची बैठक. बालवर्गाला इंग्रजी गाणी शिकवायला कोणीतरी हवं म्हणून ताई आमच्या बिल्डिंगमध्ये चौकशी करत आल्या होत्या, आणि आईनं दारातच सांगितलं, "आमची येईल की. कॉन्व्हेंटची आहे." अशी मी तिथे गेले आणि मग शनिवारीही बसू लागले.

शनिवारी आम्ही सतरंजीवर गोल करून बसायचो. आधी थोडा वेळ मौन. नेमकं तेव्हाच वरच्या मजल्यावर घरमालकीण आणि सुनेचं पाण्यावरून लागायचं.

"टाकी कोनी रिकामी केली? तुज्या बापानं लावलीय का मोटार?"

"माज्या बापाचं नाव कारू नका हा, सांगून ठेवते!"

आम्ही डोळे मिटून बसलेले. माझ्या शेजारची जुईनगरची मुलगी हसू दाबायची, तिचा खांदा माझ्या खांद्याला लागून हलत राहायचा. सर डोळे न उघडता म्हणायचे, "ऐका. फक्त ऐका." बैठक संपून आम्ही बाहेर पडायचो तेव्हा त्या दोघी जिन्याच्या पायरीवर शेजारी बसून सुक्या कोलंबीचे सोडे निवडत असायच्या.

मौनानंतर बोलणं. त्याला एक नियम होता. ज्याची पाळी येईल त्यानं आधी शेजारच्यानं काय म्हटलं ते परत म्हणायचं. आपलं मत घालायचं नाही, काही गाळायचं नाही. ज्याचं बोलणं असेल त्याला पटलं तर त्यानं "पोचलं" म्हणायचं. तो तसं म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. मग आपलं काय ते बोलायचं. आधी दुसऱ्याचं, मग आपलं, असं ताई दर शनिवारी सांगायच्या.

पोरांना ते जमायचं नाही. कोणी अर्ध्यात विसरायचं, कोणी परत म्हणता म्हणता वाद घालायला लागायचं. एकदा जुईनगरवाली एकाला म्हणाली, "तू म्हणालास की बायकांनी नोकरी केली तर घराचं वाटोळं होतं, आणि तू बावळट आहेस." सरांनी तिला थांबवलं तर म्हणे, "सर, ते दुसरं माझं होतं. मी आधी त्याचं सांगितलं ना!"

मला मात्र पहिल्या शनिवारपासून जमलं. एकही शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही. जुईनगरवालीनं माझं नाव 'टेप' ठेवलं. "तुला काय टेन्शन, टेप? बटण दाबलं की चालू." ती हे प्रेमानं म्हणायची. आपलं बोलायची वेळ आली की मी म्हणायची, "माझं काही नाही. पुढे." सुरुवातीला ताई आग्रह करायच्या, नंतर नुसत्या हसायच्या.

याचं एक कारण माझी मराठी होतं. घरात मराठी होती, पण शाळा सगळी इंग्रजीत झालेली. 'अठ्ठेचाळीस' म्हणायचं झालं की मला मनात आधी फॉर्टी-एट दिसायचं. माझ्याकडे स्वतःची मराठी वाक्यं फार नव्हती. दुसऱ्याचं वाक्य मात्र मी जसंच्या तसं उचलून नेऊ शकायची. दुसरं कारण घर.

आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. बाबा रबाळ्याच्या एका कारखान्यात स्टोअर्सला होते. स्वच्छ माणूस. घरात कधी शिवी नाही, दारू नाही, कोणावर हात टाकणं तर दूरच. त्याआधी आम्ही गिरगावात राहायचो. तिथली खोली विकून हे घर घेतलं ते बाबांनी आईला न विचारता. सगळं ठरल्यावर सांगितलं. तेव्हा काका घरी आले होते, आणि आई त्यांच्या देखत म्हणाली, "मी काय सामान आहे का, इथून उचललं आणि तिथे ठेवलं?" काका हसले.  त्यानंतर बाबा आईशी बोललेच नाहीत.

मी तेव्हा शाळेत होते. मला वाटलं, थोड्या दिवसांनी संपेल. सामान बांधून झालं, नव्या घरात आलो, माझी दहावी झाली, कॉलेज सुरू झालं. बाबा म्हणायचे, "तुझ्या आईला सांग, उद्या डबा नको." आई म्हणायची, "त्यांना सांग, दूधवाला येऊन गेला." घर एवढंसं, की आई ओट्यापाशी बोललेलं बाहेर पेपर वाचणाऱ्या बाबांना सरळ ऐकू जायचं. पण मी दोन पावलं बाहेर जाऊन ते परत सांगितल्याशिवाय ते त्यांनी ऐकलेलं नसायचं. मी सांगितलं की ते मान हलवायचे.

मी कॉलेजातून येईपर्यंत दोघांकडेही साठलेलं असायचं. चपला काढायच्या आत सुरू. एकदा मी कॉलेजच्या सहलीला गेले आणि परत आले तर आई खाली बसून स्टोव्हवर भात करत होती. सिलिंडर संपलं होतं. बाबांना ते दिसत नव्हतं असं नाही, त्यांना तसं सांगायला कोणी नव्हतं.

बाहेरच्यांना हे कधी कळलं नाही. पाहुणे आले की दोघंही पाहुण्यांशी छान बोलायचे. जाताना लोक म्हणायचे, तुमच्याकडे किती शांत वाटतं.

सरांनी एकदा फळ्यावर 'हिंसा' असं लिहून प्रत्येकाला घरात बघितलेली एकेक गोष्ट विचारली. मारणं आलं, शिव्या आल्या, ताट भिरकावणं आलं. जुईनगरवाली म्हणाली, "सर, आमच्या पप्पांनी मॅच हरल्यावर रिमोट फेकला. तो हिंसेत धरायचा की नुकसानीत?" सगळे हसले. सरही हसले. मग त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे?"

मी म्हटलं, "आमच्याकडे आवाजसुद्धा चढत नाही."

ते खरंच होतं. सर खडू हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. "पाहिलंत?" ते बाकीच्यांना म्हणाले. "असंही एखादं घर असतं." त्या दिवसापासून केंद्रात मी त्या घरातली मुलगी झाले. पाहुणे आले की ताई मला पुढे करायच्या.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता आईला जास्त व्हायला लागलं. पाळी आली की थांबायचीच नाही. तिनं बरेच दिवस अंगावर काढलं आणि मग मला घेऊन वाशीला डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाई भराभर इंग्रजीत माझ्याशी बोलल्या. गर्भाशयात गाठी आहेत, पिशवी काढायला हवी, हिमोग्लोबिन खाली चाललंय, फार उशीर केलात तर ऑपरेशनही अवघड होईल. मी ते आईला मराठीत सांगितलं. आईनं जे विचारलं ते बाईंना इंग्रजीत सांगितलं. मधे मी होते, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. फक्त आईचे तळहात पांढरे दिसत होते ते मी बघत होते.

बसमध्ये आई म्हणाली, "त्यांना सांग."

संध्याकाळी मी बाबांसमोर उभी राहिले. 'पिशवी' हा शब्द मी त्यांच्यासमोर कधी उच्चारला नव्हता. मी म्हटलं, "बाबा, आई म्हणते, डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितलीय. उशीर करून चालणार नाही."

बाबांनी पेपर खाली केला नाही. त्याच्या मागूनच म्हणाले, "तुझ्या आईला सांग, तारीख कळव. मी रजा टाकतो."

मी आत गेले. आई कणीक मळत होती. मी सांगितलं. तिनं हात न थांबवता म्हटलं, "त्यांना सांग, तारीख मी देणार नाही. मला काय होतंय ते त्यांनी मला विचारायचं. तोंडानं. एकदा विचारलं की दुसऱ्या दिवशी जाईन. नाही विचारलं तर आहे अशीच बरी आहे."

मी बाहेर जाऊन सगळं सांगितलं. 'तोंडानं' हा शब्दही सांगितला. बाबा म्हणाले, "रजा टाकतो म्हटलं ना. आणखी काय पाहिजे?" ते मी आत नेलं. आई काही बोलली नाही, म्हणून परत न्यायला काही नव्हतं. मी हात धुतले आणि चपात्या लाटायला घेतल्या, कारण आईला आता उभं राहून लाटवत नव्हतं.

असे बरेच दिवस गेले. आई लोहाच्या गोळ्या घ्यायची. जिना चढताना मधेच पायरीवर बसायची आणि कोणी आलं की पदर सारखा केल्यासारखं करायची. मला डॉक्टरीणबाईंचं वाक्य आठवायचं आणि ते इंग्रजीतच आठवायचं, त्यामुळे ते दुसऱ्या कोणाबद्दल आहे असं वाटायचं. मी बालवर्गात पोरांकडून गाणी म्हणवून घ्यायची, कॉलेजला जायची, शनिवारी गोलात बसून लोकांची वाक्यं परत म्हणायची. हिला रागच येत नाही, असं ताई पाहुण्यांना म्हणाल्या ते याच दिवसांत.

मी केंद्रातलं घरी काही सांगत नसे. एकदा आई तांदूळ निवडताना तिनंच विचारलं, "तिथे शनिवारी करता तरी काय?" मी नियम सांगितला. ती निवडायची थांबली.

"म्हणजे शेजारचा बोलला ते पुढच्याला म्हणावंच लागतं?"

"हो."

"मोठ्या माणसांना पण?"

"सगळ्यांना. सरांना पण."

"आणि नाही म्हटलं तर?"

"पुढे जात नाहीत. थांबतात."

ती पुन्हा तांदूळ निवडू लागली.

दिवाळीनंतर केंद्रात घरच्यांची बैठक असायची. मुलांनी आईवडलांना आणायचं आणि सगळ्यांनी मिळून गोलात बसायचं. आमच्याकडे आमंत्रण द्यायला सर स्वतः आले. बाबा उठून उभे राहिले, त्यांना खुर्ची दिली, कारखान्याचं, गावातल्या पाण्याचं बोलले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सरांना चहा टाकायला सांग." आतून आईनं भांडं ठेवल्याचा आवाज आला. सर म्हणाले, "तुम्ही यायलाच हवं. मी मुलांना तुमच्या घराचं उदाहरण देतो." बाबांचा चेहरा मी बघितला. त्यांना बरं वाटलं होतं. ते म्हणाले, "येऊ की."

सर गेल्यावर आई आतून मला म्हणाली, "त्यांना सांग, मी पण येणार आहे." मी सांगितलं. बाबांनी मान हलवली.

त्या शनिवारी केंद्रात जागा पुरत नव्हती. काही पालक नुसते उभे होते. घरमालकीण दारात पाय पसरून बसली होती. ताई तिला म्हणाल्या, "मावशी, आत या ना, गोलात बसा." ती म्हणाली, "नको गो बाय. आमाला बोलाला गोल बसाला नाय लागत." सगळे हसले. बाबाही हसले.

बाबा भिंतीला पाठ लावून बसले होते. मी त्यांच्यापासून थोडी जागा सोडून बसले. नेहमी आम्ही तिघं कुठेही गेलो की मी मधे असायची, लग्नाच्या पंगतीतही. आई हळूहळू आत आली, दाराच्या चौकटीला धरून क्षणभर थांबली, आणि मी आणि बाबा यांच्यामधे येऊन बसली. तिचा गुडघा बाबांच्या गुडघ्याला लागला. बाबांनी आपला गुडघा आत घेतला.

मौन झालं. वरून त्या दिवशी कसलाच आवाज आला नाही, कारण भांडणारी खाली दारात होती.

ताईंनी विषय सांगितला. घरात तुम्हाला काय हवंय ते सांगा. आधी दुसऱ्याचं, मग आपलं. सरांपासून सुरुवात झाली. कोणाला मुलानं लवकर घरी यायला हवं होतं, कोणाला टीव्हीचा आवाज कमी हवा होता. जुईनगरवालीला तिच्या भावासारखंच उशिरापर्यंत बाहेर राहायचं होतं. तिची आई समोरून म्हणाली, "घरी चल, मग बघते तुला." पुन्हा हसणं झालं.

माझी पाळी आली. मी जुईनगरवालीचं वाक्य परत म्हटलं. ती म्हणाली, "पोचलं, टेप." मग मी म्हटलं, "माझं काही नाही. पुढे." ताई मायेनं म्हणाल्या, "हिचं नेहमीचंच."

आता आई. नियमाप्रमाणे तिला आधी माझं परत म्हणायचं होतं. तिनं माझ्याकडे तोंड वळवलं. "ती म्हणाली, तिचं काही नाही." आणि ती थांबली.  मी म्हटलं, "पोचलं."

मग ती समोर फळ्याकडे बघत बोलली. चार लोकांत ती कधी बोलायची नाही. आवाज बारीक होता पण एकसारखा होता.

"मला ऑपरेशन सांगितलंय. पोटाचं. ते करायला हवं हे मला कळतं. भीती वाटते. घरातल्या माणसानं मला एकदा विचारावं, तुला काय होतंय म्हणून. विचारलं की मी जाईन. एवढंच हवंय."

 दारात घरमालकिणीनं पसरलेले पाय जवळ घेतले. सरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

"काका," ताई बाबांना हळूच म्हणाल्या, "आधी काकूंचं. मग तुमचं."

बाबांनी घसा साफ केला. सतरंजीवरचा एक धागा ओढला, सोडला. मग ते थोडे पुढे वाकले आणि आईच्या पलीकडून माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या आईला सांग, आपण घरी बोलू."

जुईनगरवाली खुदकन हसली. तिला वाटलं, काकांना नियम कळला नाही. ताईंनाही तसंच वाटलं असावं. त्या म्हणाल्या, "नाही काका, मुलीला नाही सांगायचं. त्या म्हणाल्या ते तुम्ही परत म्हणायचं. त्यांच्याकडे बघून."

बाबांचे कान लाल झाले होते. ते आईकडे बघत नव्हते. आई समोर बघत होती, तिचा एक हात सतरंजीवर टेकलेला होता आणि नखं पांढरी होती. बाबा पुन्हा वाकले. या वेळी आवाज आणखी खाली, घरातल्यासारखा. "सांग ना तिला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ताई मान हलवत होत्या, मला धीर दिल्यासारखं. मी बाबांना नियम समजावीन असं त्यांना वाटत असावं, कारण मला तो जमायचा. घरातलं वाक्य मात्र माझ्याकडे तयारच होतं. आई, बाबा म्हणतात, आपण घरी बोलू. एक शब्दही इकडचा तिकडे झाला नसता. मी तोंड उघडलं. ते वाक्य जिभेवर आलं आणि मला दिसलं की ते कुठेच न्यायचं नाहीये, आई तिथेच बसली आहे, तिनं ते ऐकलंय. गोलात सगळे थांबले होते. नियम तसाच होता, पोचेपर्यंत थांबायचं. माझा आवाज मला फार मोठा वाटला, पण नंतर जुईनगरवाली म्हणाली की जेमतेम ऐकू आला.

मी म्हटलं, "बाबा, ती तुमच्या शेजारी बसलीय. मी नाही सांगणार. तिला तुम्हीच विचारा."